प्रोटीन मेम्ब्रेनला कुठे चिकटतं ते मास स्पेकवर बघायचंय? आधी बर्फाची सोय करा

पावसाच्या तोंडावर आमच्या रत्नागिरीत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. अशा होडीला रंग मारायला घेतला की वाळूला टेकलेल्या बाजूला ब्रश पोचतच नाही, बाकी सगळी रंगते. एचडीएक्स (हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदल) मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंचं वजन मोजण्याची पद्धत, ढोबळमानाने हेच करते, रंग फक्त जड पाण्याचा. प्रोटीनच्या कण्यावरचे हायड्रोजन जड पाण्यातल्या ड्युटेरियमशी (हायड्रोजनचाच जड भाऊ) अदलाबदल करतात, दर अदलाबदलीला वजन साधारण १ डाल्टनने वाढतं, आणि जो भाग झाकलेला आहे तो हलकाच राहतो.

मी हे अल्फा-सिन्यूक्लीनवर करतो, म्हणजे पार्किन्सनवालं प्रोटीन. आमच्या आतेला पार्किन्सन आहे, तांदूळ निवडून झाले की हात मांडीवर ठेवून बसायची आणि अंगठा नि बोट गोळी वळल्यासारखं आपोआप हलत राहायचं, ते बघितल्यापासून हे प्रोटीन माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. १४० अमिनो आम्लांचं आहे, पाण्यात नुसतं असेल तर त्याला ठराविक आकारच नसतो, पण ऋणभारित लिपिड (मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचं आवरण, ज्याचं बनतं ते मेदासारखं द्रव्य) दिसलं की पुढचा भाग हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखा पीळ, होऊन त्यावर आडवा पडतो.

आधी लायपोसोम, म्हणजे लिपिडचे बारीक पोकळ फुगे. पीओपीएस (ऋणभारित लिपिड) क्लोरोफॉर्ममध्ये घ्या, काचेच्याच सिरिंजने, प्लॅस्टिकच्या टिपमधली द्रव्यं क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात आणि तो कचरा पुढे थेट स्पेक्ट्रममध्ये दिसतो. नायट्रोजनने सुकवा, रात्रभर व्हॅक्यूमला ठेवा, बफर घालून पाच-सहा वेळा गोठवा-वितळवा, मग दोन सिरिंजच्या मधल्या १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून विषम वेळा ढकला, ११ किंवा २१. विषम अशासाठी की शेवटी माल पलीकडच्या स्वच्छ सिरिंजमध्ये यावा. लिपिड भरपूर ठेवा, प्रोटीनच्या एका रेणूमागे २०० तरी, कारण जवळजवळ निम्मं लिपिड आतल्या थरात असतं आणि प्रोटीनला ते मिळतच नाही.

आता खरी गोष्ट, वेळ आणि थंडी. बिनआकाराच्या प्रोटीनची अदलाबदल पीएच ७.४ ला खोलीच्या तापमानात सेकंदाच्या आसपास उरकते, तुम्ही पिपेट खाली ठेवेपर्यंत संपलेलं असतं. म्हणून लेबलिंग (ड्युटेरियम भरणं) बर्फातच करा आणि पीएच थोडा खाली घ्या, पीएच एकने उतरला की वेग दहापटीने कमी होतो. प्रोटीन-लायपोसोमचं मिश्रण जड पाण्याच्या बफरमध्ये दहापट पातळ करायचं, १० सेकंद, १ मिनिट, १० मिनिटं असे पॉइंट घ्यायचे. जड पाण्यात पीएच मीटर जे दाखवतो त्यात ०.४ मिळवा, हे बरेच जण विसरतात. आणि जून-जुलैत आपल्याकडच्या हवेत जड पाण्याची बाटली उघडी ठेवू नका, ती हवेतलं साधं पाणी ओढून घेते, छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

बर्फ मी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून आणतो, लादी फोडून बारीक केलेला. नुसते खडे ट्यूबला नीट टेकत नाहीत, त्यात पाणी घालून लगदा करा आणि थर्मामीटर ठेवा, कारण बंदरावरच्या बर्फाला मीठ लागलेलं असलं तर तापमान शून्याखाली जातं आणि दर ट्यूबचं उत्तर वेगळं येतं. मासेमारी बंदीच्या दिवसांत बर्फाचं आधी सांगून ठेवावं लागतं.

मग क्वेंच, म्हणजे अदलाबदल रोखणं: पीएच २.५ आणि ० अंश, ती तिथे सगळ्यात हळू असते. त्यानंतर प्रोटीनचे तुकडे करायचे. त्यासाठी ट्रिप्सिन हे एन्झाइम इतक्या आम्लात चालत नाही, पेप्सिन चालतं. आधी पेप्सिन, मग झिर्कोनियम ऑक्साईडचे बीड्स टाकून लिपिड काढा आणि थंडच स्पिन करा. उलटं केलं तर लिपिडला चिकटलेलं प्रोटीनही त्याच्याबरोबर जाण्याची भीती, आणि लिपिड काढलंच नाही तर कॉलम तुंबतो, सिग्नल दबतो.

आमच्याकडे मशीन नाही, ते मुंबईला. त्यामुळे क्वेंच झाल्याझाल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ड्राय आइसवर गाडीने नेतो (काच थोडी उघडी ठेवा, कार्बन डायऑक्साइड साचतो), पेप्सिनचं काम तिथे पोचल्यावर. एकदा वाटेत ड्राय आइस संपला आणि मला कळलंच नाही. लायपोसोमसकट आणि लायपोसोमविना, दोन्ही ग्राफ एकमेकांवर बसले, आठवडाभर मी समजत होतो की प्रोटीन चिकटतच नाही. खरं म्हणजे ट्यूब वितळून सगळीकडचं ड्युटेरियम सारखंच गळून गेलं होतं. तेव्हापासून पूर्ण ड्युटेरियम भरलेला एक कंट्रोल त्याच खोक्यात जातो, त्याचं वजन घसरलं की कळतं प्रवासात काय झालं. साध्या पाण्यातलं प्रोटीन आणि नुसते लायपोसोम हेही घ्या, सगळं तीनदा.

वाचताना शेपटीकडे आधी बघा, ९६ ते १४०. तो भाग मेम्ब्रेनपासून मोकळाच राहतो, तिथेही वजन कमी दिसलं तर पीएच नाहीतर वेळ चुकलीय. पुढच्या भागात फरक आला तर छान, पण होडीचं उदाहरण इथे अपुरं पडतं, हायड्रोजन वाचतो तो मुख्यतः हेलिक्समधल्या बंधामुळे, नुसत्या झाकण्याने नव्हे, म्हणून सीडीवर (सर्क्युलर डायक्रोइझम, प्रोटीनचा आकार प्रकाशाने तपासायची पद्धत) २२२ नॅनोमीटरला हेलिक्स दिसतोय का ते ताडून घ्या. आणि +१६ चा पीक दिसला तर ते ड्युटेरियम नव्हे, मेथिओनीन हे अमिनो आम्ल ऑक्सिडाइज झालंय. १ आणि ५ नंबरचे मेथिओनीन नेमके चिकटणाऱ्या टोकाला आहेत, ती बॅच टाकून द्या, जीव तुटला तरी.

इथवर जमलं की ए३०पी म्युटंट घ्या, म्हणजे ३० नंबरचं अमिनो आम्ल बदललेलं हेच प्रोटीन. तो मेम्ब्रेनला कमी चिकटतो, त्यामुळे तुमची पद्धत फरक पकडते का ते लगेच कळेल, फक्त दोन्ही प्रोटीन एकाच दिवशी, एकाच लायपोसोमवर, एकाच बर्फात.