गाडी पंपावरच बिघडते: जॅलोपी खेळताना या चुका टाळा

जॅलोपी हा काँप्युटरवरचा गाडी चालवायचा गेम पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझी गाडी पूर्व जर्मनीची हद्दसुद्धा ओलांडू शकली नाही. रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी. शेजारच्या सीटवर गेममधले ल्युत्फीकाका, डिकीत वाटेत गोळा केलेली खोकी, आणि खिशात दुरुस्तीपुरतेही पैसे नाहीत. मागे आमचे खरे काका चहा पीत बसले होते. त्यांची उमेदीची वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आणि दुसऱ्यांच्या स्कूटरी उघडण्यात गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "पंपावर तेल घातलं हुतंस काय?"

"पेट्रोल फुल केलंय की."

"पेट्रोल न्हवं. तेल."

घातलं नव्हतं. ह्या गेमची गंमत आणि वैताग दोन्ही इथंच आहे. गाडी बंद पडते एका जागी, आणि चूक झालेली असते चाळीस-पन्नास किलोमीटर मागं, पंपावर नाहीतर दुकानात. नवीन खेळणारे जिथं गाडी थांबली तिथं उत्तर शोधत बसतात.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिन्स्कवर्क्स ह्या छोट्या स्टुडिओचा हा गेम. ग्रेग प्रिजमाचुक हा आधी कोडमास्टर्स कंपनीत फॉर्म्युला वनच्या गेमवर काम करायचा; तिथली नोकरी सोडून त्यानं हा केला. पूर्ण स्वरूपात तो २०१८ मध्ये आला. बर्लिनची भिंत पडल्यानंतरचा काळ आहे. तुम्ही आणि तुमचे काका एका जुन्या लायका ६०१ गाडीतून बर्लिनहून तुर्कस्तानाकडे निघता. वाटेत चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया. ह्यातले दोन देश आणि खुद्द पूर्व जर्मनी आज नकाशावर नाहीत. इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की विषय संपतो, मराठीत काका की मामा ते ठरवावं लागतं. मी काकाच ठरवलं. मामा असता तर पेट्रोलचे पैसे त्यानं दिले असते.

पेट्रोल भरलं, तेल विसरलं

सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लायका म्हणजे खऱ्या ट्राबांट ६०१ ची नक्कल. ती गाडी १९६४ पासून झ्विकाऊ शहरात बनायची. सुमारे ६०० सीसी, दोन सिलिंडर, २६ अश्वशक्ती, आणि इंजिन टू-स्ट्रोक. बाहेरचे बहुतेक भाग पत्र्याचे नव्हते, कापसाचे टाकाऊ तंतू राळेत दाबून केलेले होते. म्हणजे आमच्या डेंटिंगवाल्यांना ह्या गाडीत हातोडी मारायला जागाच नाही.

टू-स्ट्रोक म्हणजे काय हे आज पंचविशीतल्या पोरांना सांगावं लागतं, कारण त्यांनी चालवलेली पहिली गाडीच फोर-स्ट्रोक असते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली चेंबरमध्ये असतं, महिनोन्महिने तेच फिरत राहतं. ह्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये चेंबरमध्ये तेलाचा साठा नसतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी इंजिनाच्या तळाशी क्रँकच्या खोलीतूनच जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये. त्यामुळे पिस्टनला, बेअरिंगला वंगण मिळायचं तर ते पेट्रोलमधूनच. तेल कमी पडलं की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. जास्त झालं की निळा धूर, प्लग काजळलेला, सायलेन्सरमध्ये काळा थर. दोन्हीकडून मार.

काकांच्या जुन्या स्कूटरचं मला अजून आठवतं. पंपावर तेलाचं छोटं माप असायचं. आधी तेल, मग त्यावर पेट्रोलची धार, म्हणजे ते आपोआप ढवळलं जातं. झाकण लावलं की काका गाडी दोन्ही हातांनी डावी-उजवी हलवायचे. मागच्या रांगेतले हॉर्न वाजवायचे. काकांना काही फरक पडायचा नाही. तेल तळाशी बसलं तर पहिले दोन किलोमीटर गाडी धूर ओकते आणि पुढचे दहा कोरडी पळते, हे त्यांना माहीत होतं.

हिशोब सोपा आहे. जुन्या ट्राबांटना ३३ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागायचं, नंतरच्या गाड्यांना ५० ला १. म्हणजे पाच लिटर पेट्रोलला पहिल्या हिशोबानं साधारण १५० मिलि, दुसऱ्यानं १०० मिलि. गेममध्ये हे आकडे घेऊन बसू नका. तिथं मिश्रण किती बरोबर आहे ते बघून भरा. पण सवय तीच ठेवा: पंपावर थांबलात की पेट्रोलबरोबर तेलाची बाटली घ्यायचीच, आणि एक बाटली कायम डिकीत. टाकी अर्धी असताना नुसतं पेट्रोल ओतलं तर आधीचं चांगलं मिश्रणही पातळ होतं. मी तीच चूक केली होती. सुरुवातीला तेल घातलेलं होतंच, त्यामुळे मला वाटलं झालं काम.

सुरू होत नाही, म्हणून इंजिनच बदललं

दुसरी चूक घाबरून होते. गाडी झटके देते, स्टार्ट घेत नाही, की माणूस थेट दुकानात जाऊन इंजिन बघायला लागतो. बॉनेटखाली मुख्य वस्तू किती? इंजिन, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, ठिणगीसाठी इग्निशन कॉइल, बॅटरी, टाकी. बोटावर मोजण्याएवढ्या. प्रत्येकाची अवस्था बघता येते आणि रिपेअर किट लावून सुधारता येते. मग आधी बघा.

उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री बंद गाडीसमोर एका ठरलेल्या क्रमानं जातो. पेट्रोल येतंय का? स्पार्क पडतोय का? हवा जातेय का? तिन्हीची उत्तरं मिळेपर्यंत तो इंजिनाला हात लावत नाही. गेममध्येही तसंच करा. टाकी आणि मिश्रण, मग बॅटरी आणि कॉइल, मग फिल्टर आणि कार्ब्युरेटर. इंजिन सगळ्यात शेवटी. चावी फिरवल्यावर गाडी नुसती कुरकुरत बसते आणि उशिरा पेटते, तर कॉइलवर संशय घ्या. पेट्रोल भसाभस पितेय, तर कार्ब्युरेटर आणि फिल्टरकडे बघा. खऱ्या गाडीत फिल्टर कोंदला की हवा कमी पडते, पेट्रोल न जळता वाया जातं आणि मायलेज बसतं. गेमनं तेच सोपं करून मांडलंय.

माझं मत विचाराल तर पहिले पैसे आले की मोठं इंजिन घेऊ नका. बाकीचे पार्ट मोडकळीला आलेले असताना नवं इंजिन बसवणं म्हणजे पडक्या वाड्याला संगमरवरी उंबरा. आहे ते किट लावून ठीक करा आणि टायर चांगले घ्या.

जवळचा रस्ता

रात्री मोटेलच्या खोलीत नकाशा उघडून उद्याचा रस्ता ठरवायचा असतो. तिथं अंतराबरोबर रस्ता कसला आणि हवा कशी ह्याचाही अंदाज मिळतो, पण नव्या माणसाची नजर फक्त किलोमीटरवर. कोल्हापूरच्या माणसानं तरी ही चूक करू नये. कोकणात उतरायचं तर आपण जुलैमध्ये कधी फक्त अंतर बघून निघतो का? गगनबावड्याहून करूळ घाट की भुईबावडा, की सरळ फोंड्यानं जायचं, हे आधी दोघा-तिघांना फोन करून विचारतो. दरड आली आहे का, रस्त्याचं काम चालू आहे का, धुकं किती आहे.

तसंच इथं. पाऊस असेल आणि टायर झिजलेले असतील तर लांबचा पण बरा रस्ता घ्या. खराब रस्त्यावर वाचवलेलं पेट्रोल पंक्चरमध्ये जातं. जॅक सोबत पाहिजेच, आणि टायर रिपेअर किटही. पहार किंवा टॉमी जे म्हणाल ते, म्हणजे गेममधला क्रोबार, तोही घ्या. रस्त्याकडेच्या बेवारस गाड्यांची डिकी त्यानं उघडते आणि आत कधी कधी चांगला माल निघतो.

आणि इथंच पुढची चूक तयार असते. माल दिसला की घ्यायचाच. दारू, तंबाखू, कॉफी, कापड, औषधं, खोक्यात जे निघेल ते डिकीत. आत्याकडून परतताना आमच्या गाडीत गुळाची ढेप, तांदळाचं पोतं, वर मसाल्याचा डबा असं भरलं जायचं आणि मग घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडायची. लायकाही रडते. वजन वाढलं की वेग कमी, पेट्रोल जास्त. त्यात सीमेवर तपासणी. कोणत्या देशात काय न्यायला बंदी आहे ते आधी बघून घ्या. कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर थांबवलं तर गोड बोलून सुटता येतं, गेममधल्या पोलिसांना तुमची मराठी कळत नाही. सरळ दंड. माझा नियम असा झालाय की पुढच्या दुकानात लगेच विकता येईल तेवढंच उचलायचं. बाकी राहू दे रस्त्यावर, पुढचा कुणीतरी नेईल.

एक लहानशी सूचना. गेम मोटेलमध्ये मुक्काम केल्यावर सेव्ह होतो, असं समजूनच खेळायला बसा. रात्री अकराला "फक्त दहा मिनिटं" म्हणून निघालात आणि निम्म्या वाटेत लॅपटॉप बंद करायची वेळ आली तर दिवसाची कमाई गेली. शिवाय कीबोर्डवर वळणात बटण दाबून धरू नका. टिचक्या मारा.

गप्पा गाळणारे

हे गाडीबद्दल झालं. माणसांबद्दलही एक चूक होते आणि ती दुरुस्त करायला रिपेअर किट नाही.

ह्याच जातीचा दुसरा गेम म्हणजे रोड टू ग्वांगडोंग. जस्ट ॲड ऑइल गेम्सचा, २०२० चा. स्टुडिओच्या नावातच तेल आहे, पण ते इंजिनाचं नव्हे. हाँगकाँगकडे 'तेल घाल' म्हणजे 'लढ, जोर लाव' असं एकमेकांना म्हणतात. काळ नव्वदच्या दशकातला, जागा दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत. नायिका सनी, तिचे आईवडील गेलेले आहेत, घरचं रेस्टॉरंट आता तिच्याकडे आलंय. तिनं आणि तिच्या गू मानं सँडी नावाची म्हातारी गाडी घेऊन नातेवाइकांच्या घरोघरी जायचं आणि घरातल्या पाककृती गोळा करायच्या. वाटेत पेट्रोल, तेल आणि इंजिनाचे पार्ट ह्यांची काळजी.

इंग्रजी परीक्षणांत 'गू मा' समजावून सांगायला एक वाक्य खर्ची पडतं. आपल्याला एक शब्द पुरतो. गू मा म्हणजे वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. आणि आत्या म्हटल्यावर आपल्याला पुढचं सगळं कळतं: ती गाडीत बसल्या बसल्या तुमच्या वडिलांच्या लहानपणाचे किस्से सांगणार, तुमच्या करिअरवर बोलणार आणि कुणाच्या घरी काय बोलायचं नाही हेही सांगणार. हे शेवटचंच नवे खेळाडू ऐकत नाहीत. संवाद पटापट पुढे ढकलतात, नातेवाइकाच्या दारात पोचतात आणि थेट पाककृती मागतात. मग समोरचा आखडतो.

पाककृती अशी मिळते का? आमच्या आत्याला फोनवर कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण विचारून बघा. "अंदाजानं घालायचं," एवढंच उत्तर. मी दोन वर्षं विचारत होतो. शेवटी एका एप्रिलमध्ये तिच्याबरोबर मसाला कुटायच्या डंकावर गेलो. रांगेत तासभर उभं राहिलो, नाकाला रुमाल बांधून. तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं की खोबरं किती काळं होऊ द्यायचं आणि लसूण कधी टाकायचा. म्हणून ग्वांगडोंगमध्ये घाई करू नका. प्रवासात आत्या जे बोलते ते लक्षात ठेवा, प्रत्येक घरात आधी विचारपूस करा, भांडणात कुणाची बाजू घेण्याआधी दोन्हीकडचं ऐका. जॅलोपीत ल्युत्फीकाका बडबडतात ते कंटाळवाणं वाटलं तरी ऐका. गोष्ट त्यांच्याच तोंडून कळते.

गाडी चालवण्याचा थरार हवा असेल तर मात्र ग्वांगडोंग तुमच्यासाठी नाही, हेही सांगून टाकतो. त्यात गाडी चालवणं साधं आहे. आणि ज्यांना गाडी पार बोल्टपासून जोडायचीय त्यांच्यासाठी फिनलंडमधला माय समर कार आहे, १९९५ च्या उन्हाळ्यातला. तिथं पान्ह्याचा नंबर चुकला तरी बोल्ट हलत नाही. पण तो पहिला खेळायला घेऊ नका. काकांनी तो अर्धा तास बघितला आणि म्हणाले, "ह्यो गेम न्हाई, ही नोकरी हाय."

जॅलोपीत शेवटी मी बल्गेरियापर्यंत पोचलो. तेल बरोबर, कॉइल ठीक, डिकीत दोनच खोकी. पावसात पुढचं चाक गेलं. जॅक काढला, चाक उतरवलं, आणि मग लक्षात आलं की बसवायला काहीच नाही. जास्तीचा टायर मी हंगेरीत विकला होता, चार पैसे येतात म्हणून.

काका मागे होतेच. "निघताना स्टेपनी बघितली न्हाईस?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं खाली जाऊन आमच्या खऱ्या गाडीची डिकी उघडली, चटई बाजूला केली आणि स्टेपनीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.