नव्या एसएसडीवरून संगणक सुरू होत नसेल तर या चुका टाळा

जुन्या हार्ड डिस्कवरील सर्व काही नव्या एसएसडीवर क्लोन केले, म्हणजे जसेच्या तसे उतरवले, संगणक चालू केला आणि पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क सापडली नसल्याचा संदेश आला, की बहुतेक जण एसएसडीच सदोष आहे असे धरून दुकान गाठतात किंवा विंडोज नव्याने टाकायला बसतात. ही घाई करू नये. आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, नवी डिस्क दिसते का, एवढेच पाहावे. ती दिसत नसेल तर दोष जोडणीत किंवा स्लॉटमध्ये असण्याची शक्यता अधिक, आणि दिसत असेल तर तो बहुधा तिच्यावर काय उतरले व काय राहून गेले यात असतो.

एम.२ आकाराच्या, म्हणजे मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या, एसएसडी साटा (जुनी जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, अधिक वेगवान जोडणी) अशा दोन प्रकारच्या असतात व वरवर पाहता सारख्याच वाटतात, पण अनेक मदरबोर्डांवरील स्लॉट यांपैकी एकच प्रकार स्वीकारतो. काही बोर्डांवर तर एम.२ स्लॉट भरला की एखादे साटा पोर्ट आपोआप बंद होते. साधारणपणे २०१४ पूर्वीच्या बोर्डावर ॲडॅप्टर लावून एनव्हीएमई बसवल्यास ती विंडोजमध्ये दिसते, परंतु बायॉसला सहसा तिच्यावरून बूट करता येत नाही. अशा यंत्रासाठी साधी २.५ इंची साटा एसएसडीच घ्यावी.

डिस्क दिसूनही संगणक सुरू होत नसेल, तर सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे फक्त सी ड्राइव्हची नक्कल करणे. यूईएफआय या बायॉसच्या नव्या पद्धतीच्या संगणकात बूट करणाऱ्या फाइल्स सी ड्राइव्हमध्ये नसतात. त्या साधारण १०० एमबीच्या, फॅट३२ स्वरूपाच्या वेगळ्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या स्वतंत्र भागात) असतात. त्या पार्टिशनला अक्षर नसल्याने ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, आणि म्हणूनच विसरले जाते. क्लोन करताना नेहमी संपूर्ण डिस्क निवडावी.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. जुनी डिस्क जोडलेली ठेवूनच नवीवर विंडोज टाकले, तर इन्स्टॉलर अनेकदा जुन्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनच वापरतो. सगळे सुरळीत चालते आणि जुनी डिस्क काढली त्या दिवशी संगणक अडतो. अशा वेळी विंडोजच्या यूएसबीवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन साधनाने नव्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन तयार करावे, त्याला तात्पुरते अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट ही आज्ञा चालवून बूट फाइल्स तेथे उतरवाव्यात. त्यानंतर बायॉसच्या क्रमवारीत नव्या डिस्कवरील विंडोज बूट मॅनेजर ही नोंद सर्वांत वर आणावी. क्लोन केल्यानंतरही पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. एसएसडी बसवूनही संगणक संथच आहे, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचा संगणक प्रत्यक्षात जुन्याच डिस्कवरून चालत असतो!

पार्टिशनची पद्धत आणि बूटची पद्धत यांचा मेळ न बसणे हेही एक कारण आहे. एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या पद्धतीची विंडोज डिस्क लेगसी म्हणजेच सीएसएम या बूटच्या जुन्या पद्धतीने सुरू होते, तर जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कला यूईएफआय लागते. एमबीआरला नेहमीच्या डिस्कवर २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही आणि विंडोज ११ ला यूईएफआयच हवे, म्हणून जीपीटीकडे वळणे इष्ट. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन मिळते व ते डेटा न पुसता रूपांतर करते. तरीही बॅकअप घेतल्यावाचून ते चालवू नये.

विंडोजचे चिन्ह उमटून मग निळा पडदा येत असेल, तर बूट फाइल्सच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बायॉसमध्ये साटा नियंत्रक एएचसीआय या साध्या अवस्थेऐवजी रेड किंवा व्हीएमडी या वेगळा ड्रायव्हर लागणाऱ्या अवस्थेत गेला असेल, तर जुनी अवस्था परत आणावी. अवस्था बदलणे आवश्यकच असेल, तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करावी, मग बायॉसमध्ये बदल करावा. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झाल्यावर योग्य ड्रायव्हर सहसा आपोआप लागू होतो.

बायॉसमधील कोणताही बदल करण्यापूर्वी बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन चालू आहे का ते तपासावे, कारण लॅपटॉपवर तो वापरणाऱ्याला कळण्याआधीच चालू असू शकतो. तसे असल्यास तो तात्पुरता थांबवावा आणि कुलूप उघडणारी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच संगणकात न ठेवता कागदावर उतरवून घ्यावी.