ऑडिशला घाईने वाढवू नका

'पोकेमॉन रेड' या व्हिडिओ गेममध्ये सेरुलियन शहराच्या उत्तरेला रूट 24 या रस्त्याच्या गवतात ऑडिश हा पोकेमॉन (पकडून लढवायचा काल्पनिक जीव) सापडतो. याच गेमच्या 'ब्लू' आवृत्तीत मात्र त्याच्या जागी बेलस्प्राउट हा दुसरा पोकेमॉन भेटतो. गवत आणि विष अशा दुहेरी प्रकाराच्या या छोट्या रोपाला 15, 17 आणि 19 या पातळ्यांवर अनुक्रमे विषारी, बधिर करणारी आणि झोप आणणारी भुकटी मिळते. तिसरी सर्वांत मोलाची, कारण झोपलेला रानटी पोकेमॉन पकडणे पुष्कळ सोपे जाते.

21 व्या पातळीवर ऑडिशचा ग्लूम, म्हणजे त्याचे पुढचे रूप, होऊ लागतो, आणि खरा निर्णय इथेच घ्यावा लागतो. 'पेटल डान्स' हा जोरदार हल्ला ऑडिश 33 व्या पातळीवर शिकतो, ग्लूम मात्र 38 व्या. म्हणून प्रत्येक वेळी बी बटण दाबून रूपांतर थांबवावे आणि तो हल्ला हाती आल्यावरच पुढच्या पातळीवर ग्लूम होऊ द्यावा, असे माझे ठाम मत आहे. ग्लूमचे शेवटचे रूप व्हाइलप्लूम करणारा लीफ स्टोन हा दगड सेलाडॉन शहराच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये चौथ्या मजल्यावर गेममधल्या 2100 पैशांना मिळतो; तो त्यानंतरच वापरावा, कारण एकदा व्हाइलप्लूम झाल्यावर तो पातळी वाढवून नवे काहीच शिकत नाही.