वैद्यकीय इच्छापत्र कसे करावे : दयामरणाच्या वादात आपल्या हाती आलेला कागद

दयामरणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा थेट इंजेक्शनवर जाते. डॉक्टरांनी ते द्यावे की नाही, दिले तर तो खून ठरेल की उपकार, यावरच बोलणे रंगते आणि तिथेच संपते. या वादात मत कोणतेही असो, एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. बरे होण्याची आशा नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार नाकारण्याचा अधिकार भारतात आधीच मान्य झालेला आहे, आणि तो शुद्धीवर असतानाच कागदावर नोंदवून ठेवता येतो. त्या कागदाला सर्वजण ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. मराठीत ‘वैद्यकीय इच्छापत्र’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा आहे. तो कसा तयार करावा, याविषयीचे हे मार्गदर्शन आहे.

लेखणी उचलण्यापूर्वी एक सीमारेषा स्पष्ट असावी. प्राणघातक औषध देऊन रुग्णाचे जीवन संपवणे हा भारतात आजही गुन्हा आहे. आत्महत्येस मदत करणारा भारतीय न्याय संहितेच्या कलम 108 खाली अपप्रेरणेच्या आरोपास पात्र ठरू शकतो आणि त्यासाठी 10 वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी 2002 मध्ये डॉक्टरांकरवी दयामरणाला कायदेशीर मान्यता दिली. कॅनडाने 2016 मध्ये दिली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1997 पासून डॉक्टर औषध लिहून देतात, परंतु ते रुग्णाने स्वतः घ्यावयाचे असते. आपल्याकडे यांपैकी काहीही चालत नाही. त्यामुळे ‘मला इंजेक्शन देऊन मोकळे करावे’ असे एखादे वाक्य भावनेच्या भरात इच्छापत्रात घातले, तर त्या वाक्याचा उपयोग शून्य, आणि ते वाचून बिचकलेला डॉक्टर उरलेल्या कागदाकडेही संशयाने पाहण्याची शक्यता मात्र मोठी.

आपल्या कायद्याची वाट मुंबईच्या परळमधून जाते. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुढची जवळजवळ 42 वर्षे केईएममध्येच अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना भरवणे थांबवावे, अशी मागणी करणारी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ती फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढून घेता येतील, असे तत्त्व त्याच निकालात मांडले. या निकालातील मला सर्वांत बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न न्यायालयाला आधी सोडवावा लागला. आईवडील हयात नव्हते. याचिकाकर्त्या विराणी यांना न्यायालयाने ते स्थान दिले नाही. ज्यांनी इतकी वर्षे न थकता शुश्रूषा केली, ते केईएमचे कर्मचारीच त्यांचे खरे आप्त, असे ठरले. आणि त्या कर्मचाऱ्यांची इच्छा अरुणा यांनी जगावे अशी होती. स्वतः अरुणा यांना काय हवे होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. 18 मे 2015 रोजी त्यांचे न्यूमोनियाने निधन झाले.

पुढे 9 मार्च 2018 रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगून वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण तेव्हाच्या अटी इतक्या जाचक होत्या, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करण्यापासून ते अशा अधिकाऱ्याने रुग्णाला प्रत्यक्ष पाहण्यापर्यंत, की हक्क कागदावर आणि कागद कपाटात अशी स्थिती झाली. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने स्वतःच त्या अटी सैल केल्या. पुढील सूचना या सुधारित नियमांनुसार आहेत.

इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान, विचार करण्यास समर्थ आणि कोणाच्याही दबावाखाली नसलेली असावी. दस्तऐवज लेखी हवा. त्यासाठी ठरावीक छापील नमुन्याची सक्ती नाही, त्यामुळे तो मराठीत लिहिण्यास काहीही हरकत नाही. मात्र अतिदक्षता विभागात त्या रात्री ड्यूटीवर असलेला डॉक्टर मराठी वाचणारा असेलच असे नाही, म्हणून सोबत इंग्रजी प्रत ठेवणे शहाणपणाचे. मालमत्तेच्या मृत्युपत्रात हा मजकूर मिसळू नये. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात; हा कागद त्याच्या आधी लागतो.

आता मजकुराकडे वळू, कारण बहुतेक इच्छापत्रे इथेच फसतात. मी स्वतःचा पहिला मसुदा केला तेव्हा त्यात ‘मला अनावश्यक त्रास देऊ नये’ असे एक देखणे वाक्य होते. डॉक्टर असलेल्या एका स्नेह्याने ते वाचून एवढेच विचारले, की अनावश्यक कोणी ठरवायचे? त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. इच्छापत्रात दोन बाबी नेमकेपणाने याव्या लागतात : कोणत्या अवस्थेत, आणि कोणते उपचार. अवस्थेबाबत असे लिहिता येईल, की ‘मला असाध्य आजार झाला असून दीर्घ उपचारांनंतरही बरे होण्याची आशा उरलेली नाही, असे वैद्यकीय मंडळांनी ठरवले आणि मी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन, तर’. त्यापुढे उपचारांची नावे घ्यावीत : व्हेंटिलेटर, हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, डायलिसिस, रक्तदाब टिकवून ठेवणारी औषधे, नवा जंतुसंसर्ग झाल्यास दिली जाणारी तीव्र प्रतिजैविके. यांपैकी काय सुरूच करू नये आणि काय काही दिवस करून पाहून उपयोग न झाल्यास थांबवावे, हे वेगवेगळे सांगावे. सुरू न करणे आणि सुरू केलेले काढून घेणे यांत कायद्याने भेद केलेला नसला, तरी नातेवाइकांच्या मनात तो फार मोठा असतो. व्हेंटिलेटर न लावणाऱ्या मुलाला झोप लागते. तो काढायला सांगणाऱ्या मुलाला कित्येकदा लागत नाही. दोन्ही गोष्टी आपण स्वतः लिहून ठेवल्या, तर ते ओझे बरेच हलके होते.

नाकातून किंवा पोटात घातलेल्या नळीने अन्न देण्याचा मुद्दा टाळू नये, कारण खरी घालमेल तिथे होते. यंत्र बंद करायला तयार असणारी माणसेही ‘उपाशी कसे ठेवायचे?’ या प्रश्नापाशी थबकतात, आणि अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात ते स्वाभाविकच आहे. अरुणा यांच्या प्रकरणातही मूळ वाद भरवण्यावरूनच होता, हे लक्षात घ्यावे. नळीने दिले जाणारे अन्न आपण उपचार मानता की शुश्रूषा, हे एका स्वतंत्र वाक्यात स्पष्ट करावे. त्याचबरोबर काय हवे, हेही लिहावे : वेदना कमी करणारी औषधे, धाप लागू नये यासाठीची काळजी, तोंड ओले ठेवणे, शक्य असल्यास घरी नेणे. उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. त्याजागी उपशामक शुश्रूषा, म्हणजे रोग बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारी काळजी, सुरू व्हावी, असा उल्लेख अवश्य असावा.

यानंतरचा निर्णय मजकुराहूनही महत्त्वाचा आहे. आपली शुद्ध हरपल्यावर उपचार नाकारण्यास किंवा थांबवण्यास संमती देणाऱ्या पालकांची (इथे आईवडील नव्हेत, तर ‘गार्डियन’ या अर्थाने) अथवा जवळच्या नातेवाइकांची नावे इच्छापत्रात घालावी लागतात आणि 2023 नंतर ती एकाहून अधिक असू शकतात. आपल्याकडे थोरल्या मुलाचे नाव जवळजवळ आपोआप लिहिले जाते. ते लिहिण्यापूर्वी थांबावे. आपल्यावर सर्वांत जास्त प्रेम करणारी व्यक्ती या कामासाठी योग्य असेलच असे नाही. हवी आहे ती आपले म्हणणे पटले नाही तरी तसेच सांगू शकणारी, बोलावल्यावर काही तासांत पोहोचणारी आणि चार नातेवाइकांच्या रडण्यासमोर न डगमगणारी व्यक्ती. मुले परदेशात असलेल्या पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत ती भाची असते किंवा शेजारी राहणारा धाकटा दीर. दोन नावे देणार असाल तर मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा, हेही लिहावे.

दयामरणाच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप याच टप्प्यावर लागू पडतो. म्हातारा माणूस ‘मी कशाला ओझे होऊ?’ असे म्हणतो तेव्हा ती त्याची इच्छा असते, की त्याला तसे वाटायला लावलेले असते? रुग्णालयाचे बिल आणि राहत्या घराचे सातबारे यांच्या मधोमध असे कागद तयार होतात, ही भीती मला निराधार वाटत नाही. म्हणूनच नियमात दोन साक्षीदार सांगितले आहेत आणि ते शक्यतो स्वतंत्र असावेत, असे म्हटले आहे. माझा सल्ला त्याहून कडक आहे : आपल्या मृत्यूमुळे ज्याला काहीही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. सही या दोघांच्या उपस्थितीत करावी आणि दस्तऐवज नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर साक्षांकित करून घ्यावा. सही स्वेच्छेने आणि समजून झाली असल्याची आपली खात्री साक्षीदारांनी व त्या अधिकाऱ्याने नोंदवायची असते. ती ओळ राहून गेली नाही ना, हे तिथेच पाहावे.

सही झाली म्हणजे काम झाले, असे नाही. एक प्रत नेमलेल्या नातेवाइकांना, एक नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावी. महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांनी असा अधिकारी नेमणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात या नेमणुका व्हाव्यात यासाठी मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली. आपल्या पालिकेच्या किंवा पंचायतीच्या कार्यालयातील कारकुनाने हात वर केले, तर प्रत आवक विभागात देऊन पोच घ्यावी. डिजिटल आरोग्य नोंदींमध्येही हे इच्छापत्र जोडता येते.

रुग्णालयात पुढे काय घडते, हे नेमलेल्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि निर्णय घेऊ शकत असेल, तर हा कागद लागतच नाही. त्याचा स्वतःचा नकार पुरेसा असतो. तसे नसेल तर उपचार करणारे डॉक्टर इच्छापत्र खरे असल्याची खातरजमा करतात. त्यानंतर ते स्वतः आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन विषयतज्ज्ञ असे प्राथमिक मंडळ मत देते. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ अशा दुय्यम मंडळाचे मत घेतले जाते. दोन्ही मते शक्यतो 48 तासांत यावीत, अशी अपेक्षा आहे. नेमलेल्या व्यक्तींची संमती मिळाल्यावर आणि न्यायदंडाधिकाऱ्याला कळवल्यानंतरच निर्णय अमलात येतो. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. इच्छापत्र नसले तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळांची वाट खुली असते. हे ठाऊक नसल्यामुळे असंख्य कुटुंबे ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून रुग्णाला घरी आणतात, आणि मग वेदनाशामक औषधाविना शेवटचे दिवस काढावे लागतात. अशी सही करण्याआधी डॉक्टरांना मंडळ बोलावण्याची विनंती लेखी करावी.

अवयवदानाचा अर्ज, मेंदूमृत्यूचे नियम आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखालील आगाऊ निर्देश या तिन्ही वेगळ्या बाबी आहेत. त्या एकाच कागदात कोंबू नयेत. इच्छापत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येते, परंतु तेही लेखीच. एकाहून अधिक वैध इच्छापत्रे आढळली तर सर्वांत शेवटी सही केलेले ग्राह्य धरतात. म्हणून नवा मसुदा झाल्यावर जुन्या प्रती मागवून घ्याव्यात, अभिरक्षकाकडे नवी प्रत देताना आधीच्या पोचीचा क्रमांक नमूद करावा, आणि नेमलेल्या व्यक्तीचा फोन क्रमांक बदलला तरी तेवढ्यासाठी कागद पुन्हा काढून पाहावा.