पाथमध्ये स्पेस असेल तर कोट नेमके कुठे द्यायचे

नव्या मशीनवर जावा बसवलं की टीममधल्या कुणाचा तरी स्क्रीनशॉट येतोच: ‘सी:\प्रोग्रॅम’ नावाची कमांड सापडत नाही. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या स्पेसवर पाथ (फाइल किंवा फोल्डरचा पूर्ण पत्ता) तुटलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, ‘कोट लाव की!’ हे उत्तर अर्धवट आहे. कोट शेलला, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, वाचता यावं म्हणून असतात. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (प्रोग्रॅम्सना वाचता येईल अशा, नाव दिलेल्या व्हॅल्यूच्या) आत मात्र नुसता पाथच राहिला पाहिजे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच.)

जावा कुठे बसवलंय ते सांगणारं व्हेरिएबल म्हणजे जावा_होम. ते सेट करताना विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बहुतेक जण असं लिहितात:

सेट जावा_होम="सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-२१"

दिसायला ठीक, पण बरोबरच्या चिन्हापुढचं सगळं, कोटसकट, व्हॅल्यूत जातं. पुढे एखाद्या बॅच फाइलने (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलने) शहाण्यासारखं "%जावा_होम%\बिन\जावा.ईएक्सई" असं कोटात लिहिलं, की सुरुवातीला दोन कोट लागोपाठ येतात. पहिला उघडतो, दुसरा लगेच बंद करतो आणि स्पेस पुन्हा उघडी पडते. म्हणून कोट नावाच्या आधीच सुरू करा:

सेट "जावा_होम=सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-२१"

यात ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली स्पेसही व्हॅल्यूत शिरत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मात्र स्पेस नको. आधी दिलीत तर ती नावातच जाते आणि %जावा_होम% रिकामंच राहतं.

आणखी एक छुपा सापळा: ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)’ मधला कंस. बॅच फाइलमधल्या इफच्या ब्लॉकमध्ये (अट खरी ठरली तर चालणाऱ्या, कंसातल्या ओळींमध्ये) कोटाशिवाय हा पाथ आला, की त्याचा बंद होणारा कंस ब्लॉकच बंद करून टाकतो. एररमध्ये स्पेसचा उल्लेखही नसतो, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

कायमचं सेट करायचं तर सेटएक्स ही कमांड. इथे नाव, मग स्पेस, मग कोटात पाथ. हे कोट सेटएक्स स्वतःच काढून टाकतं. पाथच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका, तो शेवटच्या कोटाला गिळतो. बदल चालू विंडोत दिसत नाही, नवी उघडा. पण ‘पाथ’ या व्हेरिएबलला (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) सेटएक्सने हातसुद्धा लावू नका: १०२४ अक्षरांपुढचं कापलं जातं, शिवाय सिस्टमचा आणि युजरचा पाथ एकमेकांत मिसळतो. त्यासाठी सेटिंग्जमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी बरी. तिथे कोट अजिबात नकोत. पाथ वेगळे होतात ते सेमीकोलनने, स्पेसने नव्हे.

पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या शेलमध्ये $एन्व्ह:जावा_होम = 'सी:\प्रोग्रॅम फाइल्स\…' एवढं पुरतं. प्रोग्रॅम चालवताना कोटाच्या आधी & द्या, नाहीतर ती नुसती स्ट्रिंग म्हणून स्क्रीनवर छापली जाते.

लिनक्स किंवा मॅकवर बॅश हे शेल वापरत असाल तर:

एक्सपोर्ट डेटा_डिर="/मीडिया/माय डिस्क/डेटा"

इथे कोट व्हॅल्यूत जात नाहीत. ते विसरलात तर डेटा_डिरमध्ये ‘/मीडिया/माय’ एवढंच बसतं आणि उरलेल्या तुकड्यावर ‘व्हॅलिड आयडेंटिफायर नाही’ अशी तक्रार येते. बॅशमध्ये वापरतानाही कोट हवेतच: सीडी "$डेटा_डिर". हा आग्रह मी आरएम -आरएफ या न विचारता फोल्डर उडवणाऱ्या कमांडसाठी तर सोडतच नाही, कारण कोटाशिवाय त्याला एका पाथऐवजी दोन वेगळे पाथ मिळतात आणि तो दोन्ही निमूटपणे उडवायला जातो. कोटात टिल्डे (~, म्हणजे तुमचं होम फोल्डर) उलगडत नाही, तिथे $होम लिहा.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये शंका आली तर व्हॅल्यू चौकोनी कंसात छापून बघा: एको [%जावा_होम%]. आगाऊ कोट किंवा शेवटची स्पेस लगेच दिसते.

एवढं करूनही काही टूल्स ऐकत नाहीत. ग्नू मेक या प्रोग्रॅम बिल्ड करणाऱ्या टूलला तर स्पेसवाले पाथ नीट झेपतच नाहीत. विंडोजवर डिर /एक्सने फोल्डरचं छोटं नाव मिळतं, बहुधा ‘प्रोग्रा~१’, पण काही ड्राइव्हवर ही सोय बंद असते. अशा वेळी मी वाद घालत नाही, सरळ सी:\टूल्स मध्ये इन्स्टॉल करतो.