एकट्याचा स्वयंपाक: या चुका टाळा

एकट्याने राहणाऱ्याचा स्वयंपाक बहुतेक वेळा बिघडतो तो मापामुळे. घरी शिकलेलं सगळं चार-पाच जणांच्या अंदाजाने शिकलेलं असतं. सोबत आलेला कुकरही पाच लिटरचा असतो. त्यात अर्धी वाटी तुरीची डाळ थेट टाकली की ती तळाला पसरते आणि शिट्टी होईपर्यंत खाली लागते. एका माणसाला दोन-तीन लिटरचा कुकर पुरतो. मोठाच असेल तर तळाशी दीड-दोन पेले पाणी, वर जाळी, आणि वरण-भात भांड्यांत लावा.

शिट्टी होत नसेल तर लगेच गॅस मोठा करू नका. झाकणाच्या कडेने वाफ जात असेल तर रिंग सैल झाली आहे. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की त्या दिवसापुरतं भागतं, मग नवी आणायचीच. वाफ कुठूनच येत नसेल तर गॅस बंद करा, कुकर पूर्ण गार होऊ द्या आणि मग शिट्टीचं भोक आणि तळाचं पाणी तपासा. भाड्याच्या खोलीत इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापणारच नाही. बुडाला चुंबक चिकटतो का, एवढं दुकानातच बघून घ्या.

डाळ शिजतच नाही, ही दुसरी तक्रार. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधीच घातलंय का? आंबटात डाळ शिजायला फार वेळ घेते. बोअरच्या जड पाण्याचाही हाच त्रास. प्यायच्या पाण्यात अर्धा तास भिजवून लावा.

फोडणी मोठ्या कढईत करू नका. चमचाभर तेल पसरतं आणि मोहरी तडतडेपर्यंत जळतं. छोटी लोखंडी पळी घ्या. मोहरी, जिरं, हिंग, आणि हळद गॅस बंद केल्यावर. तरीही जळली तर सरळ टाकून द्या, साखर घालून तो कडवटपणा जात नाही.

उरलेल्या भाताबद्दल मात्र मी हट्टी आहे. ‘आमच्याकडे रात्रीचा भात ओट्यावरच असायचा’ असं सगळेच सांगतात. पण बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उबेत राहिला की ते वाढतात. त्यांनी तयार केलेलं एक विष तर फोडणीच्या आचेनेही जात नाही. भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, मग सकाळी खुशाल फोडणीचा भात करा.

रविवारी आठवडाभराचं करून ठेवायचा उत्साहही आवरा. बुधवारपर्यंत तीच उसळ नकोशी होते, मग बाहेरून मागवलं जातं आणि डबा मागे सरकत जातो.

‘एकट्यासाठी कशाला एवढा घाट?’ हे तर मला सगळ्यात घातक वाटतं. ऐकायला साधेपणा वाटतो, पण त्यातूनच ओट्याशी उभं राहून पातेल्यातूनच खायची सवय लागते. घरून फोन आला की ‘जेवण झालं’ म्हणायचं आणि काय जेवलो ते सांगायचं टाळायचं. पाहुणा आला तर आपण ताट घेतोच ना? संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ एकट्या घरात अंगावर येतो. तेव्हा कांदा चिरायला घेतला की निदान हात कामात राहतात.

अशा दिवसांसाठी पिठलं. दोन मोठे चमचे बेसन पेलाभर गार पाण्यात आधी कालवून घ्या. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात. झाल्याच तर रवीने घुसळा. कांदा, लसूण, हिरवी मिरची फोडणीत परतून त्यात हे ओता आणि ढवळत राहा. लगेच घट्ट झालं म्हणून उतरवू नका, झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजू द्या, नाहीतर बेसन कच्चट लागतं. फार आळलं तर गरम पाणीच घाला.