विद्यापीठातील विज्ञानसंशोधनाचा आवाका कसा तपासावा

एखाद्या विद्यापीठात विज्ञानाचे संशोधन किती होते, या प्रश्नाचे उत्तर शोधनिबंधांच्या एका आकड्यात देता येते. ते संशोधन किती क्षेत्रांत पसरले आहे, याचे उत्तर मात्र कोणत्याही एका आकड्यात मावत नाही. तरीही अहवालांतून या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि निबंधांची संख्या वाढली की संशोधनाची व्याप्तीही वाढली असे गृहीत धरले जाते. पीएच.डी.साठी विद्यापीठ निवडणारा विद्यार्थी, नवा विभाग काढावा की नाही हे ठरवणारी समिती, कोणत्या शोधपत्रिकांची वर्गणी भरायची याचा विचार करणारे ग्रंथपाल, या सर्वांना खरी गरज असते ती आवाक्याच्या माहितीची. ती नीट मिळवायची तर काही आठवड्यांचे काम आहे, पण ते चिकाटीने करणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे आहे.

बहुतेक जण सुरुवात विभागांच्या यादीपासून करतात आणि पहिली चूक तिथेच होते. केंब्रिज विद्यापीठाची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये भौतिकशास्त्रासाठी उघडली. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला तो तिथेच आणि १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला तोही तिथेच. परंतु १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना मांडली, तीसुद्धा याच प्रयोगशाळेत काम करत असताना. स्फटिकांवर क्ष-किरण पाडून त्यांची अंतर्रचना ओळखणे हे मुळात भौतिकशास्त्राचे तंत्र असल्यामुळे जीवशास्त्रातले हे काम भौतिकशास्त्राच्या छपराखाली वाढले. शिवाय त्या मांडणीला ज्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार मिळाला, ती रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात काढलेली होती. दारावरच्या पाट्या वाचून केंब्रिजच्या संशोधनाची नोंद करणाऱ्याने हे सगळे ‘भौतिकशास्त्र’ या एकाच रकान्यात टाकले असते. म्हणून मोजणी विभागांची न करता प्रत्यक्ष कामाची करावी आणि विभागांची यादी फक्त पडताळणीसाठी जवळ ठेवावी.

काम सुरू करण्यापूर्वी दोन सीमा कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली काळाची. एका वर्षाची मोजणी फसवी असते, कारण एखादा मोठा प्रकल्प संपला की त्याचे निबंध एकदम बाहेर पडतात. दहा वर्षे घेतली, तर आज विद्यापीठात नसलेली माणसेही हिशेबात येतात. सलग पाच वर्षांचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. दुसरी सीमा विद्यापीठाची स्वतःची, आणि ती वाटते तितकी स्वच्छ नसते. पॅरिस विद्यापीठाची १९७० मध्ये तेरा विद्यापीठांत विभागणी झाली. त्यांपैकी दोन विद्यापीठे २०१८ मध्ये एकत्र येऊन सोर्बोन विद्यापीठ झाले. मँचेस्टरमध्येही २००४ साली दोन संस्थांचे मिळून आजचे विद्यापीठ बनले. अशा ठिकाणी जुन्या नावाने छापलेले निबंध कोणाच्या खात्यावर धरायचे, हे आधीच ठरवावे लागते. संलग्न रुग्णालये, स्वायत्त संशोधनसंस्था आणि महाविद्यालये धरायची की वगळायची, याचाही निर्णय सुरुवातीलाच घ्यावा. निकाल पाहून तो बदलू नये. संशोधनसंस्थांना कायमचा ओळखक्रमांक देणारी आरओआर ही नोंदवही २०१९ पासून उपलब्ध आहे. नावांची वेगवेगळी रूपे आणि संस्थांमधील पालक-शाखा संबंध तिच्यात नोंदलेले असतात, त्यामुळे या टप्प्यावर तिची मोठी मदत होते.

आता निबंध गोळा करायचे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरण-सूचीची, म्हणजे कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा संदर्भ दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली आणि पुढील दशकात ती छापील स्वरूपात प्रत्यक्षात आली. आजची वेब ऑफ सायन्स ही त्याच परंपरेतली आहे. स्कोपस आणि गूगल स्कॉलर दोन्ही २००४ मध्ये सुरू झाल्या. वर्गणी भरणे शक्य नसेल, तर २०२२ पासून खुली असलेली ओपनअ‍ॅलेक्स वापरावी, तिची संपूर्ण विदा (डेटा) विनामूल्य उतरवून घेता येते. कोणतीही एकच सूची पुरेशी मानू नये. संगणकशास्त्रात महत्त्वाचे काम आधी परिषदांच्या इतिवृत्तांत येते, भौतिकशास्त्रात आणि गणितात ते आधी प्रीप्रिंटच्या, म्हणजे छापून येण्याआधीच्या मसुद्यांच्या, अर्काइव्ह या खुल्या संग्रहात दिसते (तो १९९१ मध्ये सुरू झाला), तर वैद्यकाची बरीचशी नोंद पबमेड या सूचीत सापडते. म्हणून निदान दोन सूची घ्याव्यात, त्या डीओआय क्रमांकावरून (निबंधाला मिळणाऱ्या कायमच्या ओळखक्रमांकावरून) एकमेकींशी जुळवाव्यात आणि केवळ एकाच सूचीत आढळलेल्या नोंदी वेगळ्या काढून डोळ्यांखालून घालाव्यात. प्रीप्रिंट आणि अंतिम निबंध यांचे डीओआय बहुधा वेगळे असल्याने एकच काम दोनदा मोजले जाण्याचा धोका असतो. तिथे शीर्षक आणि लेखक जुळवून पाहण्याला पर्याय नाही. समान नावाच्या संशोधकांची गल्लत टाळण्यासाठी प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र असा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक पाहावा.

यापुढचा टप्पा सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: प्रत्येक निबंध कोणत्या क्षेत्राचा, हे ठरवणे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या फ्रास्काती नियमावलीत ज्ञानक्षेत्रांचे सहा मोठे गट आहेत: निसर्गविज्ञान, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व आरोग्य, कृषी व पशुवैद्यक, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या व कला. स्कोपसमध्ये मुख्य विषय सत्तावीस आहेत आणि त्यांचे उपविषय तीनशेहून अधिक. जाळी जितकी बारीक, तितका आवाका मोठा भासतो. त्यामुळे सहा गटांवर आधारलेला निष्कर्ष तीनशे उपविषयांवर आधारलेल्या निष्कर्षाशेजारी कधीही ठेवू नये. दुसरी अडचण अशी की स्कोपससारख्या सूची निबंधाला विषय देतात तो मुख्यतः शोधपत्रिकेवरून. ‘नेचर’, ‘सायन्स’ किंवा ‘प्लॉस वन’ यांसारख्या पत्रिकांत सर्वच विषय येत असल्यामुळे तिथला निबंध ‘बहुविषयक’ या खात्यात जाऊन पडतो आणि त्या खात्यातून काहीच कळत नाही.

यावर उपाय म्हणजे निबंधाच्या संदर्भसूचीकडे पाहणे. समजा, वाहत्या रक्तात लाल पेशींचा आकार कसा बदलतो याचे गणिती प्रतिमान मांडणारा एक निबंध आपल्यासमोर आहे. पहिल्या पानावर चार लेखकांची नावे आहेत आणि नावांवरच्या बारीक अंकांचा माग काढत तळटीपेपर्यंत गेले की दोघे भौतिकशास्त्र विभागातले, एक गणितातली आणि एक विकृतिशास्त्रातला (पॅथॉलॉजी) असे समजते. निबंध छापला आहे द्रवगतिकीच्या पत्रिकेत, म्हणून सूचीने त्याला अभियांत्रिकी ठरवले आहे. शेवटच्या पानांवरचे चाळीस संदर्भ मोजले, तर अठरा द्रवगतिकीचे, चौदा रक्तविज्ञानाचे आणि आठ गणिताचे निघतात. मग या निबंधाची वाटणी ०.४५, ०.३५ आणि ०.२० अशी करणे न्याय्य ठरते. आभाराचा परिच्छेदही वाचावा, कारण निधी कोणी दिला आणि उपकरण कोणाचे वापरले हे तिथे असते आणि पाटीवर न दिसणारे सहकार्य बऱ्याचदा त्याच चार ओळींत उघड होते.

हजारो निबंधांबाबत हे हाताने करता येत नाही, परंतु यदृच्छेने निवडलेल्या नमुन्याबाबत अवश्य करता येते. नमुना किती मोठा घ्यावा, याचा हिशेब सरळ आहे. एखाद्या क्षेत्राचा वाटा १ टक्का असेल आणि आपण २०० निबंध निवडले, तर ते क्षेत्र नमुन्यातून पूर्णपणे निसटण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. ३०० निवडले तर ती ५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून मी तीनशेचा आग्रह धरतो. हे तीनशे निबंध वाचणाऱ्याला त्या विद्यापीठाची जी ओळख होते, ती कोणत्याही तक्त्यातून होत नाही.

सहलेखकांमुळे होणारा फुगवटाही काढून टाकायला हवा. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर सर्न प्रयोगशाळेतील अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी २०१५ मध्ये मिळून जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचे ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी चोवीस पाने लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीनेच भरली होती. ज्या विद्यापीठाचे त्यात दहा लेखक असतील, त्याने हा निबंध पूर्ण एक धरला, तर कणभौतिकीचे पारडे अकारण जड होते. अंशतः मोजणी केली, म्हणजे निबंधाचे श्रेय सर्व लेखकांत समान वाटले, तर त्याचा वाटा सुमारे ०.००२ येतो. दोन्ही पद्धतींनी मोजून पाहावे आणि निष्कर्षात कोणती वापरली ते सांगावे.

आता प्रत्यक्ष आवाका. अँडी स्टर्लिंग यांनी २००७ मध्ये विविधतेचे जे तीन पैलू मांडले, ते इथे चपखल बसतात: क्षेत्रांची संख्या, त्यांच्यातला समतोल आणि त्यांचे परस्परांतले अंतर. दोन विद्यापीठे घेऊ. दोघांचे प्रत्येकी १,००० निबंध आणि प्रत्येकी पाच क्षेत्रे. पहिल्याचे पाचही क्षेत्रांत दोनशे-दोनशे आहेत. दुसऱ्याचे एका क्षेत्रात आठशे आणि उरलेल्या चारांत पन्नास-पन्नास. प्रत्येक वाट्याचा वर्ग करून बेरीज घ्यावी आणि १ ला त्या बेरजेने भागावे. येणारा आकडा म्हणजे ‘प्रभावी क्षेत्रे’, म्हणजेच समसमान वाट्याची किती क्षेत्रे असल्यासारखा हा पसारा आहे. एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या निर्देशांकाचे हे माप म्हणजे व्यस्त रूप आहे आणि परिसंस्थेतील जातींची विविधता मोजण्यासाठी ते आजही वापरतात. पहिल्या विद्यापीठाची बेरीज ०.२० येते, म्हणून प्रभावी क्षेत्रे पाच. दुसऱ्याची बेरीज ०.६५ येते आणि प्रभावी क्षेत्रे केवळ १.५४ उरतात. यादीत दोघांची पाच-पाच क्षेत्रे दिसत असली, तरी दुसरे विद्यापीठ व्यवहारात जवळपास एकाच क्षेत्राचे आहे.

समतोल साधला तरी अंतराचा प्रश्न राहतोच. सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक, विश्लेषणात्मक आणि पॉलिमर रसायन ही पाच क्षेत्रे समसमान असणे वेगळे. खगोलशास्त्र, मृदाशास्त्र, संख्याशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि धातुशास्त्र समसमान असणे वेगळे. दोन क्षेत्रांतले निबंध कितपत समान साहित्याचा आधार घेतात, यावरून त्यांच्यातले अंतर ० ते १ या मापात काढता येते. मग क्षेत्रांच्या प्रत्येक जोडीसाठी दोघांचे वाटे आणि अंतर यांचा गुणाकार करून सर्व जोड्यांची बेरीज करावी. दोनच क्षेत्रांत निम्मे-निम्मे काम असेल आणि अंतर ०.२ असेल, तर उत्तर ०.०५ येते, अंतर ०.९ असेल, तर ०.२२५.

तुलना करताना आणखी एक दुरुस्ती हवी. वैद्यकात निबंध भराभर निघतात, तर शुद्ध गणितात एक निबंध पूर्ण व्हायला कधी कधी वर्षे जातात. त्यामुळे क्षेत्राच्या वाट्याला त्याच क्षेत्राच्या जागतिक वाट्याने भागावे. विद्यापीठात गणित ४ टक्के आणि जगात २ टक्के असेल, तर उत्तर २ येते आणि तक्त्यात बारीक दिसणारा गणित विभाग प्रत्यक्षात विद्यापीठाचे बलस्थान असल्याचे लक्षात येते. उद्धरणसंख्या, पत्रिकेचा प्रभावांक (तिच्या निबंधांना सरासरी मिळणारी उद्धरणे) किंवा हॉर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये संशोधकांसाठी सुचवलेला, उद्धरणांवरच आधारलेला एच-निर्देशांक यांना मात्र या कामात थारा देऊ नये. ती मापे व्याप्ती सांगण्यासाठी घडवलेलीच नाहीत, आणि पत्रिकेच्या प्रभावांकावरून एकेका निबंधाची किंवा संशोधकाची पारख करण्याविरुद्ध संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या ‘डोरा’ या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने २०१३ मध्येच स्पष्ट भूमिका घेतली आहे.

प्रत्येक क्षेत्रामागे किती माणसे आहेत, हेही पाहावे. आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले, की मोजके लेखक पुष्कळ लिहितात आणि बहुसंख्य लेखक एखाद-दुसराच निबंध लिहितात. म्हणून क्षेत्रातले स्वतंत्र संशोधनगट मोजावेत आणि ज्या क्षेत्राची सगळी भिस्त एकाच गटप्रमुखावर आहे, त्यापुढे खूण करावी. त्या व्यक्तीची निवृत्ती झाली की ते क्षेत्र विद्यापीठातून नाहीसे होऊ शकते. त्या क्षेत्रात शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी कळणे अत्यंत आवश्यक आहे.

सूचींमध्ये न येणारे कामही थोडे नसते. शोधप्रबंध, विदासंच, संगणकप्रणाली, पेटंट, वनस्पतिसंग्रहालयातील वाळवून जपलेले नमुने, हवामानाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी, इंग्रजीशिवाय अन्य भाषांत छापलेले निबंध, यांतील बराचसा भाग मोठ्या सूचींना दिसत नाही. स्थानिक माती, पिके, रोग आणि जीवजाती यांवरील संशोधन तर नेमके अशाच ठिकाणी प्रसिद्ध होते. यासाठी ग्रंथालयातील प्रबंधांची यादी आणि विभागांची कपाटे यांच्यापर्यंत स्वतः जावे लागते. या कामाची बेरीज निबंधांच्या बेरजेत मिसळू नये. प्रत्येक क्षेत्रापुढे वेगळा रकाना करून ती लिहावी.

निष्कर्ष लिहिताना काळ, सूची, वर्गीकरण आणि मोजणीची पद्धत पहिल्याच परिच्छेदात सांगावी. त्यानंतर प्रत्येक विभागाकडे त्याच्या निबंधांची यादी ठरवलेल्या क्षेत्रांसह पाठवून दोन आठवड्यांची मुदत द्यावी. कोणत्या निबंधांचे वर्गीकरण चुकले आहे, हे संशोधकच सर्वांत अचूक दाखवतील. त्यांच्या दुरुस्त्यांनुसार सर्व हिशेब पुन्हा करावेत, आणि एवढे करूनही कोणत्याच क्षेत्रात न बसलेले निबंध ‘इतर’मध्ये लोटून न देता त्यांची शीर्षके अहवालात जशीच्या तशी छापावीत, कारण विद्यापीठात उगवू पाहणारे नवे क्षेत्र बहुधा त्याच यादीत असते.